अठ्ठ्याऐंशी पुरेत

अहो,

आज सकाळी तुमचं ऑक्सिजनचं मशीन गेलं. भाड्याचं होतं, ते न्यायला माणूस आला. त्यानं वायर गुंडाळली, बाटलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि तुमची ती पंधरा मीटरची नळी वेटोळं करून हातात धरली. "काकू, ही ठेवायची की टाकायची?" मी म्हटलं, "टाका." तो जिना उतरत होता तेव्हा हाक मारून परत मागावीशी वाटली. मारली नाही. एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही, हा आपल्या दोघांचाही जुना रोग.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. लेक परवा बंगळुरूला परत गेली. "आई, चल माझ्याबरोबर," म्हणाली. मी "बघू" म्हटलं. तिला पुण्यातल्या "बघू"चा अर्थ कळतो, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरात आवाज नाही हो. दीड वर्ष ते मशीन दिवसरात्र घरघरत होतं आणि आपण त्याच्यावर आवाज चढवून बोलत होतो. मी अजून तसंच बोलते. परवा दूधवाल्यानं विचारलं, "काकू, रागावलात का?" आणि ती नळी. हॉलमधून खोलीत जाताना मी अजूनही उंबऱ्याशी पाय उचलते. ती जिथून वळायची, तिथे फरशीवर एक पुसटशी रेघ उरली आहे. नळी ताणलेली दिसली की तुम्ही गॅलरीत, सैल पडलेली दिसली की टेबलापाशी. स्वयंपाकघराच्या ओट्याला मात्र ती दोन फूट कमी पडायची. मग तुम्ही दारातच उभे राहून तिथून हुकूम सोडायचात, "बाई, फोडणी करपली." करपलेली नसायचीच. आता खरंच करपते आणि सांगायला कोणी नाही.

"बाई" हे तुम्ही मला लग्नानंतरही म्हणत राहिलात. आपण दोघं पेठेतल्या एकाच शाळेत होतो, तुम्ही जीवशास्त्राला, मी गणिताला. मी नवीन लागले होते. नववीच्या वर्गात गेले तर फळाभर तुमचं हृदय काढलेलं. चार कप्पे, लाल खडूनं एक बाजू, निळ्यानं दुसरी, बाण, नावं, सगळं. घंटा झालेली होती. मी डस्टर घेतलं आणि सगळं पुसलं. तुम्ही विसरलेली छडी घ्यायला परत आलात आणि दारातच थबकलात. "बाई, दुसऱ्याचा फळा पुसण्याआधी विचारायची पद्धत असते." मी म्हटलं, "घंटेनंतर फळा दुसऱ्याचा नसतो." वर्ग इतका हसला की तुम्ही छडी न घेताच गेलात. पुढे वर्षभरानं लग्न ठरलं तेव्हा शिक्षकखोलीत सगळे म्हणत होते की बाईंनी सरांचं हृदय पुसलं. तुम्हाला तो विनोद आवडत नव्हता. "निळं रक्त नावाची गोष्ट नसते," एवढंच तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "पुस्तकवाले रंग देतात म्हणून मी देतो. अशुद्ध म्हणतात ते रक्तसुद्धा लालच असतं, फक्त गडद. आणि अशुद्ध हा शब्दही मला मान्य नाही."

मान्य नसण्याचा तुमचा मक्ताच होता. तुमच्या त्या अर्ध्या मार्कावरून आपण किती वर्षं भांडलो? पोरं लिहायची, "रक्त पेशींना ऑक्सिजन पोचवते व कार्बन डायऑक्साईड परत आणते." बरोबर आहे की नाही? पण तुम्ही समासात लाल पेनानं "कसे?" लिहायचात आणि अर्धा मार्क कापायचात. मी म्हणायचे, उत्तर बरोबर तर मार्क पूर्ण, गणितात तसंच असतं. तुम्ही म्हणायचात, उत्तर पोपटालाही येतं. मग जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून मला समजवायचात. ऑक्सिजनला तांबड्या पेशीत बसायला हिमोग्लोबिनचा पाट लागतो, तो पाटावर बसूनच प्रवास करतो. कार्बन डायऑक्साईड मात्र त्याच पाटावर बसत नाही. थोडा हिमोग्लोबिनलाच दुसऱ्या जागी चिकटतो, पण बहुतेक सगळा रूप बदलून रक्ताच्या पाण्यात विरघळून येतो, आणि फुप्फुसाशी आला की पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. "मुलांना वाटतं, एक रिक्षा ऑक्सिजनला सोडते आणि त्याच सीटवर दुसरा बसवून आणते. तसं नाही ते. जाण्याची रीत वेगळी, येण्याची वेगळी. हे ज्याला कळलं, त्याला पूर्ण मार्क." मी म्हणायचे, आमटी गार होतेय.

आणि हे सगळं शिकवून तुम्ही खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचात, सिगारेट ओढायला. फुप्फुसाची आकृती काढून झाल्यावर! मी किती बोलले असेन. पन्नाशीनंतर सोडलीत, पण तोवर व्हायचं ते झालेलं होतं. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे, अजूनही. माणूस गेल्यावर राग सोडावा म्हणतात. मला जमत नाहीये.

डॉक्टर तुमचीच विद्यार्थिनी. तिचेही अर्धे मार्क तुम्ही कापलेले, ते तिनं पहिल्याच भेटीत हसत सांगितलं होतं. मशीन घरी आलं तेव्हा तिनं मला समोर बसवून सांगितलं, "काकू, बोटावरच्या मीटरवर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दिसायला हवं. त्याच्या वर न्यायचं नाही. मशीन एकवर." काचेच्या नळीत एक छोटी गोळी तरंगते, ती एकच्या रेघेवर राहिली पाहिजे. मी विचारलं, "आणि शंभर कधी होणार?" ती म्हणाली, "सरांचा पेपर वेगळा आहे, काकू." तुम्ही नाकात नळी लावलेली असताना माझ्याकडे बघून म्हणालात, "बाई, अठ्ठ्याऐंशी पुरेत मला."

मला पुरत नव्हते. चाळीस वर्षं मी मार्कांत जगले. आपल्या लेकीला दहावीला गणितात ब्याण्णव पडले तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेलच. आणि आता रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी तुमच्या बोटाला ते चिमट्यासारखं मीटर लावायचं आणि अठ्ठ्याऐंशी बघून "छान" म्हणायचं! शेजारच्या काकांचे अठ्ठ्याण्णव यायचे. मी त्यांचं बोट मुद्दाम लावून बघितलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

हे एवढंच सांगितलं नाही असं नाही. ज्यासाठी हे लिहायला बसले, ते आता लिहिते.

गणपतीनंतरची दुपार होती. वरणभात खाऊन तुम्ही खुर्चीतच कलला होतात. मी मीटर लावलं, सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीसुद्धा नाही. मी मशीनपाशी गेले आणि बटण फिरवलं. गोळी दोनवर गेली, तीनवर गेली, मी ती चारवर नेली. पाच-दहा मिनिटांत आकडा चढायला लागला. नव्वद. त्र्याण्णव. सत्त्याण्णव! अहो, मला इतका आनंद झाला की मी लेकीला फोन केला, "आज बाबा सत्त्याण्णव!" कितीतरी महिन्यांनी तुमचे हात ऊबदार लागले. गालांवर तांबूसपणा आला. तुम्ही शांत झोपला होतात, मी पंखा कमी केला, पांघरूण घातलं आणि शेजारी बसून मोसंबी सोलत राहिले. डॉक्टर लोक उगीच घाबरवतात, असंही मनात आलं.

चहाला उठवायला गेले तर तुम्ही उठेनात. डोळे अर्धवट उघडले, मला "सातवी ब" असं काहीतरी म्हणालात आणि पुन्हा मिटले. मी गाडी बोलावली. आणि गाडीची माणसं जिना चढायच्या आत मी मशीनपाशी जाऊन गोळी परत एकवर आणली. कोणी सांगितलं होतं मला? कोणी नाही. चोराला सांगावं लागत नाही.

हॉस्पिटलात तुम्हाला तो तोंडाला घट्ट बांधलेला, हवा आत ढकलणारा मास्क लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही शुद्धीवर आलात. डॉक्टर आली, रिपोर्ट बघत म्हणाली, "रक्तात कार्बन डायऑक्साईड प्रचंड साठला होता. फ्लो कोणी वाढवला होता का घरी?" मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही मास्क उचललात आणि म्हणालात, "मीच."

"सर, तुम्ही?" ती म्हणाली. "आम्हाला शिकवलंत तुम्ही हे." आणि मग तिनं तुम्हाला चांगलं खडसावलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःची चूक मानली नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी सुद्धा नाही, तो माणूस आपल्या विद्यार्थिनीसमोर मान खाली घालून ऐकत होता. मी पलंगाच्या पायाशी उभी होते. माझी साडी नीट करत होते.

मला तेव्हापासून एकच कळत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही झोपला होतात. की ग्लानीत तुम्हाला खरंच वाटलं की आपणच वाढवलं? घरी आल्यावर तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगितलं नाही. तुम्ही फक्त शिकवायला लागलात. रोज चहानंतर दहा मिनिटं, श्वास पुरेल तेवढं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लाल आणि निळ्या पेनानं. "अशा फुप्फुसात ज्या भागात हवा पोचत नाही, तिथलं रक्त शरीरानं शहाणपणानं कमी केलेलं असतं. वरून ऑक्सिजन ओतला की तो शहाणपणा मोडतो. शिवाय हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन गर्दीनं बसला की तो कार्बन डायऑक्साईडला खाली उतरवतो. तो जाणार कुठे? बाहेर सोडायची ताकद नाही. मग तो रक्तातच साठतो, रक्त आंबट होतं, मेंदूला झोप येते. लोक आत घेण्याचंच कौतुक करतात, बाई. बाहेर सोडणं हे निम्मं काम आहे." एवढं बोलायला तुम्हाला सहा वेळा थांबावं लागलं होतं.

आणि मग शेवटी परीक्षा! सत्तरीच्या बाईची परीक्षा. तुम्ही प्रश्न काढलात, पाच मार्कांचा. अ, तीन मार्क: या रुग्णास जास्त ऑक्सिजन दिल्यास अपाय का होतो, ते उदाहरणासह लिहा. ब, दोन मार्क: रुग्ण स्वतःच जास्त ऑक्सिजन मागू लागल्यास घरच्यांनी काय करावे? मी चिडले होते, पण लिहिलं. तुमच्यासमोर बसून, अर्ध्या तासात, सुपरव्हिजनसह. पेपर तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही तो घडी करून म्हणालात, "सवडीनं तपासतो."

परत दिला नाहीत. मी मागितला नाही. मार्क मागायला जाणं माझ्या स्वभावात नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चार महिने आपण एका घरात, पंधरा मीटरच्या नळीच्या आत राहिलो आणि ते एक वाक्य मी बोलले नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात की माणूस पाण्यात श्वास कोंडून बसला की आधी कासावीस करतो तो ऑक्सिजनचा तुटवडा नव्हे, बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साईड. मला ते चार महिने रोज कळत होतं.

त्या शेवटच्या सकाळी मीटरवर ब्याऐंशी होते. तुम्ही उशांना टेकून बसला होतात, खांदे वरखाली होत होते. मी डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, "दोनवर न्या. अठ्ठ्याऐंशी-नव्वद दिसलं की थांबा, पुढे हात लावू नका. मी गाडी पाठवते." मी गोळी दोनवर नेली. आकडा हळूहळू चढला, अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबला. पण तुमचा दम थांबला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "वाढव."

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही पुन्हा म्हणालात, "बाई, वाढव."

मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी पुरेत तुम्हाला. प्रश्न ब." आणि मग मूर्खासारखी मी तुम्हाला तुमचाच धडा म्हणून दाखवायला लागले, पाट, रिक्षा, आंबट रक्त, सगळं. तुम्ही डोळे मिटले. गाडी आली. संध्याकाळपर्यंत तुम्ही गेलात, आणि मधल्या वेळात तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द "वाढव" आहे, आणि मी वाढवलं नाही.

डॉक्टर म्हणाली, "काकू, तुम्ही अगदी बरोबर केलंत. संसर्गच इतका होता की काही हातात नव्हतं." ती चांगली आहे. पण ती हे सगळ्यांनाच म्हणत असणार. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. एकदा तुमचं ऐकलं नाही आणि तुम्ही मरता मरता वाचलात, एकदा तुमचा धडा तंतोतंत पाळला आणि तुम्ही गेलात. यातलं गणित मला सुटत नाही, आणि ज्याला "कसे?" विचारावं असा माणूस या घरात एकच होता.

आज मशीन न्यायला आलेल्या माणसानं भाड्याचं कार्ड मागितलं. ते तुमच्या टेबलावर असणार म्हणून मी एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिथे गेले. तुमची शिस्त तशीच होती. न तपासलेले पेपर डावीकडे, तपासलेले उजवीकडे. डावी बाजू रिकामी. उजवीकडे तुमच्या शेवटच्या क्लासचा जुना गठ्ठा, कोणी न्यायला न आलेला. कार्ड त्याच्याखाली होतं. कार्ड ओढलं आणि वरचा कागद घसरून खाली पडला. माझं अक्षर.

मशीनवाला गेल्यावर दार लावून मी तो वाचला. प्रश्न ब, दोनपैकी दोन. तुम्ही कधी कोणाला पूर्ण दिले नव्हते हो. मी लिहिलं होतं, "देऊ नये. आकडा बघावा. डॉक्टरांना फोन करावा. शेजारी बसावे." शेवटच्या दोन शब्दांखाली लाल रेघ आहे. मुद्दा सापडला की तुम्ही मारायचात तशी.

प्रश्न अ, तीनपैकी अडीच. समासात तुमचं बारीक, थरथरलेलं अक्षर: "उत्तर बरोबर. उदाहरण दिलेले नाही. घरातच होते."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या पलंगावर मास्क उचलतानाही माहीत होतं. चार महिने तुम्ही वाट बघत होतात आणि मी मोसंबी सोलत होते. मी खूप रडले. आधी तुमच्यासाठी रडले, मग माझ्यासाठी. तुमच्या दोन मार्कांनी "वाढव" कानातून गेलेलं नाही, ते जाणारही नाही. पण मी शेजारी बसले होते, हे मी आता स्वतःला सांगू शकते.

मग मी तुमच्याच पेनानं, उरलेल्या जागेत लिहिलं: "उदा. गणपतीनंतर एका दुपारी मी मशीन एकवरून चारवर नेले. सत्त्याण्णव बघून मला आनंद झाला. गाडी येण्याआधी मी ते परत एकवर आणले व कोणास सांगितले नाही. दोष माझा होता, तो सरांनी घेतला."

वाक्य लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. मशीन नव्हतं, तरी आवाज चढवूनच वाचलं.

पेपर डावीकडे ठेवला आहे. सवडीनं तपासा. तिथे आता तेवढा एकच आहे.